फडताळातील डब्यांतून व्हीगन जेवण

मराठी घरातील रोजचा स्वयंपाक बारकाईने पाहिला, तर बहुतेक पदार्थ गॅस बंद होईपर्यंत व्हीगनच, म्हणजे दूध, तूप, मध असे काहीही प्राणिजन्य नसलेले असतात, हे ध्यानात येते. आमटीची फोडणी तेलाची असते, उसळ तेलात परतलेली असते, भाकरीत पीठ, पाणी आणि फार तर चिमूटभर मीठ असते. मग पान वाढताना वरणावर तुपाची धार पडते, भातावर दही येते, थालीपिठावर लोण्याचा गोळा बसतो आणि तेथे जेवणात दूधदुभते शिरते. त्यामुळे घरात कोणी दुधाचे पदार्थ सोडले असतील, किंवा तसा पाहुणा अवेळी आला असेल, तर नव्या पाककृती शोधत बसण्याची सहसा गरज पडत नाही. दुधाचा तो पदार्थ त्या जेवणात कोणते काम करत होता, एवढे ओळखावे आणि तेच काम करणारा डबा फडताळातून काढावा.

ताक आणि दही मुख्यतः आंबटपणा आणतात. ते काम चिंच, आमसूल, लिंबू किंवा आमचूर करू शकते. तूप आणि लोणी कोरडा घास मऊ करतात व तिखटाची धार बोथट करतात. तेथे घाण्याचे कच्चे शेंगदाणा तेल, दाण्याचे कूट किंवा तिळाचे कूट चालते. साय किंवा दूध रश्श्याला दाटपणा देते. त्याऐवजी भाजलेले सुके खोबरे, कूट किंवा चमचाभर बेसन पुरते. पनीरची नक्कल करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. तो पदार्थ वगळून दुसराच काहीतरी करावा. वेळही वाचतो आणि जेवणाऱ्याला ‘हे त्याच्यासारखे लागत नाही’ असे म्हणण्याची संधीही मिळत नाही.

काय भरून ठेवावे

फडताळ भरताना डाळी-कडधान्यांचे दोन गट मनाशी करावेत: ज्यांना भिजवावे लागत नाही ते आणि ज्यांची आठवण आदल्या रात्री व्हावी लागते ते. पहिल्या गटात लाल मसूर डाळ अग्रभागी आहे; साध्या पातेल्यात ती १५ ते २० मिनिटांत शिजते. मूगडाळीला त्याहून पाचेक मिनिटे अधिक लागतात. बेसन, कुळथाचे पीठ, थालीपिठाची भाजणी, तांदळाची पिठी, रवा, पोहे, मेतकूट आणि मराठवाड्याशी नाते असल्यास येसर (भाजलेल्या डाळी-धान्यांचे मसालेदार पीठ) हे सर्व याच गटातले, म्हणजे भूक लागल्यानंतर आठवले तरी चालणारे आहेत. मटकी, चवळी, वाल, छोले आणि राजमा दुसऱ्या गटात येतात. त्यांतील राजमा भिजवून, खळखळ उकळून पूर्ण शिजवल्याशिवाय खाऊ नये, कारण अर्धवट शिजलेल्या राजम्यामुळे उलट्या आणि पोटदुखी होऊ शकते.

या धान्यांशेजारी शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, सुके खोबरे, गूळ, चिंच, आमसूल आणि लसूण-कांदा असावा. शेंगदाण्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा प्रथिने आणि जवळजवळ निम्मी चरबी असते. एकच पदार्थ पोटही भरतो आणि तुपाचे कामही करतो, म्हणून शेंगदाण्याला या स्वयंपाकात इतके महत्त्व आहे. दाणे एकदम किलोभर भाजून, पाखडून, कूट मात्र आठवड्यापुरतेच करावे. कुटाला काही आठवड्यांत खवट वास येऊ लागतो आणि एक खवट चमचा संपूर्ण आमटी बिघडवतो.

पिठले, सावकाशीने

ज्याला एकच पदार्थ शिकायचा आहे, त्याने पिठले शिकावे. तिघांसाठी एक वाटी बेसन आणि तीन ते साडेतीन वाट्या पाणी घ्यावे. कढई शक्यतो लोखंडी असावी. दोन-तीन मोठे चमचे तेल तापले की मोहरी घालावी. ती पूर्ण तडतडल्यानंतरच जिरे, हिंग आणि ठेचलेल्या सहा-सात लसूण पाकळ्या घालाव्यात. लसणाच्या कडा तांबूस दिसू लागल्या की चिरलेला कांदा, हिरवी मिरची आणि हळद घालून कांदा पारदर्शक होईपर्यंत परतावे. कांदा नसेल तर लसूण दुप्पट करावा. लसूणही नसेल तर जिरे आणि हिंग थोडे वाढवावेत. पिठले साधे लागते, पण लागते चांगलेच.

येथून पुढे दोन वाटा आहेत. एका पद्धतीत बेसन आधी थोड्या पाण्यात कालवून, गुठळ्या बोटांनी मोडून, मग उरलेल्या पाण्यासह फोडणीत ओततात. ही पद्धत नवख्यासाठी सुरक्षित आहे. दुसऱ्या पद्धतीत फोडणीवर पाण्याचे आधण ठेवतात, त्यात मीठ घालतात आणि पाणी खळखळू लागले की एका हाताने पीठ वैरत दुसऱ्या हाताने डाव फिरवत राहतात. या पिठल्यात बारीक गुठळ्या राहतात आणि अनेक घरांत त्या मुद्दाम ठेवल्या जातात. आत कच्चे पीठ राहिलेली मोठी गुठळी मात्र उलथण्याने कढईच्या कडेला दाबून मोडावी.

पीठ पडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे हात थांबवू नये. मिश्रण दाट होऊन ज्वालामुखीसारखे फदफदू लागले की आच अगदी मंद करावी आणि झाकण ठेवावे, कारण या टप्प्यावर उडणारा थेंब मनगट चांगलेच भाजतो. सात-आठ मिनिटे वाफ येऊ द्यावी. पिठले शिजले की नाही, हे तीन गोष्टींवरून ओळखावे: कच्च्या बेसनाचा वास जातो, रंग फिक्या पिवळ्यावरून गडद होतो आणि कडेने तेल किंचित सुटलेले दिसते. ते पळीवाढे हवे असेल तर वाटीभर गरम पाणी घालून पुन्हा उकळावे. गार पाणी घातल्यास चव पाणचट होते आणि पीठ फुटल्यासारखे दिसते. पाणी जेमतेम दीड वाटी ठेवून, झाकणावर पाणी घालून, अधूनमधून उलथत कोरडे केले की त्याचाच झुणका होतो. त्यावर कच्चे तेल, बाजूला कांदा आणि ज्वारीची भाकरी हे जेवण पिढ्यानपिढ्या चालत आले आहे आणि ‘व्हीगन’ हा इंग्रजी शब्द १९४४ मध्ये घडवला जाण्याच्या कितीतरी आधीपासून ते व्हीगनच आहे.

कुळथाचे पिठले याच रीतीने होते, पण त्याचा स्वभाव वेगळा आहे. ते भातावर घेण्यासाठी सरसरीत असावे लागते, म्हणून चार मोठ्या चमच्यांना तीन वाट्या पाणी घ्यावे, लसूण सढळ हाताने घालावा आणि उकळी आल्यावर दोन-तीन आमसुले टाकावीत. कोकणाबाहेरच्या पाहुण्याला त्याचा करडा-तपकिरी रंग पाहून शंका येते. पहिल्या घासानंतर ती राहत नाही.

आंबट केव्हा घालावे

या विषयात सर्वांत अधिक चुका आंबटपणाच्या बाबतीत होतात, असा माझा अनुभव आहे. एकदा संध्याकाळी घाईत मी हरभरा डाळीच्या पातेल्यातच आमसुले टाकली, कारण ‘शिजता शिजता मुरतील’ असा हिशेब होता. तासाभरानेही डाळ दाताखाली कचकच वाजत होती आणि ती आमटी शेवटी मिक्सरमधून काढून वाढावी लागली. कारण सरळ आहे: डाळीच्या दाण्याला बांधून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, त्यामुळे दाणा मऊ होत नाही. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमही हाच परिणाम करते. म्हणून डाळ आधी बोटाने चिरडेल इतकी शिजवावी आणि नंतरच चिंचेचा कोळ किंवा आमसूल घालावे. जड पाण्यावर उपाय म्हणून अनेक जण खाण्याचा सोडा घालतात. डाळ लवकर शिजते खरी, पण त्यातील ब-१ जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते, त्यामुळे त्याऐवजी डाळ तासभर भिजवणे मला अधिक पटते.

आंबट पदार्थांचे आपापले गुण आहेत. चिंच गुळाशी जमते, तूरडाळीच्या आमटीला शोभते आणि तिला चार-पाच मिनिटे उकळावे लागते, अन्यथा कच्चट लागते. आमसूल सौम्य असते व दाण्याच्या, नारळाच्या आणि कुळथाच्या पदार्थांत बसते. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळावे, कारण उकळल्यावर त्याचा सुवास जातो आणि मागे कडवटपणा उरतो. परदेशात राहणाऱ्यांना आमसूल प्रत्येक दुकानात मिळेलच असे नाही. त्यांनी बहुतेक पदार्थांत शेवटी लिंबू पिळून काम भागवावे, फक्त सोलकढीचा हट्ट सोडावा.

डाळच नसेल तर दाण्याची आमटी करावी. उपवासाच्या दिवशी वरईबरोबर होणारी हीच आमटी तूप-जिऱ्याऐवजी तेल-जिऱ्याच्या फोडणीने सहज व्हीगन होते. अर्धी वाटी कूट, दोन हिरव्या मिरच्या आणि चमचाभर जिरे थोड्या पाण्यासह गंधासारखे वाटावे, फोडणीत घालावे, अडीच वाट्या गरम पाणी ओतावे, तीन आमसुले आणि सुपारीएवढा गूळ टाकावा. उकळी फुटताना ती दुधासारखी वर येते, म्हणून पातेले मोठे घ्यावे आणि पाठ फिरवू नये. पाच-सहा मिनिटांत वर तेलाचा तवंग दिसू लागतो. तो दिसला की आमटी झाली असे समजावे. निवल्यावर ती बरीच दाट होते, तेव्हा वाढण्याच्या वेळी हवी त्याहून पातळच ठेवावी. घरात येसर असेल तर काम याहूनही सोपे आहे: तेलाच्या फोडणीत पाणी उकळावे, पाण्यात कालवलेले दोन चमचे येसर त्यात सोडावे आणि दहा मिनिटे उकळू द्यावे.

एकाच भांड्यातले जेवण

भाजी नाही, पोळ्या लाटण्याचा उत्साह नाही आणि तरीही पोटभरीचे काही हवे आहे, अशा वेळी वरणफळे करावीत. सोलापूर-साताऱ्याकडे त्यांना चकोल्या म्हणतात. अर्धी वाटी तूरडाळ शिजवून घोटावी आणि चिंच, गूळ, गोडा मसाला घालून तिची पाच-सहा वाट्या होईल इतकी पातळ आमटी उकळत ठेवावी. तोपर्यंत वाटीभर कणीक हळद, तिखट, ओवा, मीठ आणि चमचाभर तेल घालून घट्ट भिजवावी, जाडसर पोळी लाटावी आणि शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापावेत. आमटी खळखळत असतानाच तुकडे एकेक करून सोडावेत. मूठभर एकदम टाकले तर ते एकमेकांना चिकटून गोळा होतो आणि तो गोळा आतून कच्चा राहतो. आठ-दहा मिनिटांनी तुकडे वर येऊन फुगलेले दिसतात. वरून तुपाऐवजी तेलात लालसर केलेल्या लसणाची चरचरीत फोडणी घालावी. माझ्या भाचीने दूध सोडल्यानंतर आमच्याकडे हाच बदल प्रथम झाला, आणि आता तूप खाणारेही ही लसणाचीच फोडणी मागतात.

विदर्भातील गोळाभात तर तेलासाठीच जन्मलेला आहे. हरभरा डाळीच्या अर्धी वाटी भरड्यात तिखट, हळद, हिंग, मीठ आणि दोन चमचे गरम तेलाचे मोहन घालून, जेमतेम पाण्याने त्याचे लिंबाएवढे गोळे वळावेत. वाटीभर तांदळाचा भात अर्धा शिजून वरचे पाणी आटत आले की हे गोळे त्यावर ठेवावेत, झाकण घट्ट लावावे आणि मंद आचेवर पंधरा मिनिटे वाफ द्यावी. वाढताना गोळा भातात कुस्करून त्यावर मोहरी, हिंग आणि लाल मिरचीची कडकडीत फोडणी ओतावी. फोडणीत कंजुषी केल्यास भात घशाखाली उतरत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. भाजणीचे थालीपीठ सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे त्याविषयी एवढेच की लोण्याच्या जागी शेंगदाण्याची चटणी कच्च्या तेलात कालवून द्यावी.

ताक, दही आणि तूप यांच्या जागी

तांदळाची उकड ताकाशिवाय कशी करावी, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. वाटीभर पिठी अडीच ते तीन वाट्या पाण्यात कालवून, लसूण, हिरवी मिरची आणि हिंगाच्या फोडणीत ओतून, सतत ढवळत ती कडा सोडेपर्यंत शिजवावी, दणदणीत वाफ आणावी आणि मग लिंबू पिळावे. आमसुलाचे पाणी वापरले तरी चव चांगली येते, पण पांढऱ्या उकडीला मळकट गुलाबी रंग चढतो आणि हळदीबरोबर तर तो विटकरी दिसतो. त्यामुळे घरच्यांसाठी आमसूल आणि पाहुण्यांसाठी लिंबू असा माझा सोयीस्कर नियम आहे. वरून कच्चे तेल घेण्याची रीत जुनीच आहे, तेथे काही बदलावे लागत नाही.

मेतकूट-भातावर तुपाऐवजी चमचाभर घाण्याचे तेल आणि चिमूटभर मीठ घालावे. भात मात्र अगदी मऊ, गरगट शिजलेला हवा. काकडीची किंवा गाजराची कोशिंबीर दह्याऐवजी कूट, लिंबू आणि साखरेवर जमते, आणि वाढण्याच्या ऐन वेळी मीठ घातले तर तिला पाणी सुटत नाही. नारळाचे दूध दाटपणासाठी उत्तम आहे, फक्त ते शेवटी घालावे आणि मंद आचेवर नुसते गरम करावे; आंबट पदार्थाबरोबर खळखळ उकळले की ते फाटते आणि वर तेल, खाली पाणी असे दृश्य दिसते. ताज्या नारळाचा अभाव असेल तर सुके खोबरे तांबूस भाजून वाटावे. ते दुधासारखे गोड नसते, पण रश्श्याला जे अंग हवे ते देते.

विकतचे डबे उघडण्यापूर्वी

फडताळातील विकतच्या पाकिटांवरचा हिरवा ठिपका व्हीगन असल्याची खूण नव्हे, कारण त्या व्याख्येत दूध आणि मध दोन्ही बसतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम लागू केले असून, त्यांच्यासाठी हिरव्या रंगातील ‘व्ही’ अक्षर आणि पान असलेले वेगळे चिन्ह आहे. हे चिन्ह नसलेल्या पाकिटावरील घटकांची यादी वाचावी आणि दूध पावडर, व्हे व केसीन (दोन्ही दुधातून काढलेले), बटर, तूप व मध हे शब्द शोधावेत. बिस्किटे, पाव, झटपट सुपे आणि तयार रश्श्यांचे मसाले यांत ते हमखास लपलेले असतात. साधी भाजणी, पापड, पोहे, शेव यांबाबत सहसा अडचण येत नाही.

एखाद-दुसऱ्या जेवणापुरता हा विषय असेल तर पोषणाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण डाळ आणि धान्य एकत्र खाल्ल्याने एकातील कमी असलेली अमिनो आम्ले दुसऱ्यातून मिळतात आणि वरण-भात, पिठले-भाकरी या जोड्या नेमके तेच करतात. कायम व्हीगन राहणाऱ्याने मात्र ब-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न डॉक्टरांशी बोलून सोडवावा. ते या फडताळातील कोणत्याही डब्यात नाही. जेवणात लिंबू असावे आणि जेवण होताच चहा पिऊ नये, म्हणजे डाळींतील लोह अंगी लागण्यास मदत होते.

उरलेले

शिळा भात फोडणीचा करताना त्यात मूठभर दाणे आणि शेवटी लिंबू घातले की ताकाची आठवण येत नाही. शिळ्या भाकरीचा कुस्करा कांदा-लसणाच्या फोडणीत परतून, पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून मऊ करावा. उरलेले पिठले दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा होते; त्याच्या वड्या कापून तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात.

आणि कढईच्या तळाशी धरलेली पिठल्याची खरवड धुऊन टाकू नये. पिठले काढून घेतल्यावर रिकामी कढई पुन्हा दोन-तीन मिनिटे मंद आचेवर ठेवावी, कडेने अर्धा चमचा तेल सोडावे, खरवड तळापासून सुटू लागली की उलथण्याने अखंड पापुद्र्यासारखी काढावी, आणि ती कोणाच्या वाटणीची आहे हे पाने मांडण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.